नव्या कॅथॉलिक संन्यासी समुदायाची विश्वासार्हता आणि देणगीदार : पुणे व नागपूर परिसरातील प्रयोगांच्या संदर्भात

प्रस्तावना

चारदोन माणसे घरदार सोडतात, व्रत घेतात, विशिष्ट वस्त्र धारण करतात आणि निर्वाहासाठी समाजापुढे हात पसरतात, तेव्हा देणाऱ्यापुढे एक जुना प्रश्न उभा राहतो : यांच्यावर विश्वास का ठेवावा? महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यापासून मठाच्या नावाने भिक्षाफेरी काढणाऱ्या महंतापर्यंत अनेकांच्या बाबतीत दार उघडणाऱ्या गृहिणीने त्याचा निवाडा रोज मनाशी केला आहे. मात्र ओंजळभर तांदूळ झोळीत घालणे वेगळे आणि कधीही न पाहिलेल्या संस्थेला वर्षानुवर्षे पैसा पाठवणे वेगळे. पहिल्या प्रकारात चूक झाली तर तांदूळ जातात. दुसऱ्या प्रकारात जमिनी, इमारती आणि पुष्कळदा माणसांची आयुष्येही पणाला लागतात.

कॅथॉलिक परंपरेत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तेथे संन्यस्त समुदायाला मान्यता देणारी किंवा नाकारणारी जगद्व्यापी यंत्रणा अस्तित्वात आहे. त्यामुळे मान्यता असली म्हणजे समुदाय खरा आणि नसली म्हणजे खोटा, अशी सोपी समजूत देणगीदार करून घेतात. इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. समुदायाचे वैराग्य खरे आहे काय, त्याला धर्मसत्तेची मान्यता आहे काय, आणि त्याच्या पैशाचा जाब विचारण्याचा अधिकार समुदायाबाहेरील कोणाला आहे काय, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. जबलपूरचा ‘कास्थलिक मठ’ आणि पुण्यातील शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम या दोन प्रयोगांच्या आधारे हे तीन प्रश्न वेगळे करून पाहण्याचा आणि देणगीदाराच्या दृष्टीने तिसऱ्याचे महत्त्व सर्वाधिक का आहे, हे दाखवण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. पुण्यातील दोन बिगर-कॅथॉलिक वादांचा विचार केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील, म्हणून त्यांचाही परामर्श घेतला आहे.

भिक्षेचे परवाने

भिक्षा मागणाऱ्या धार्मिकांविषयीचा संशय हा आधुनिक काळाचा शोध नाही. १२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने दोन नियम केले आणि त्या दोहोंचे पडसाद आजही ऐकू येतात. पहिला नियम असा की, यापुढे कोणी नवा संन्यासी संप्रदाय काढू नये. मठ स्थापण्याची इच्छा असेल त्याने आधीच मान्य असलेल्या एखाद्या संप्रदायाची आचारसंहिता स्वीकारावी. दुसरा नियम भिक्षा गोळा करणाऱ्यांसंबंधी होता. पोपचे अथवा स्थानिक बिशपचे अस्सल पत्र जवळ असल्याशिवाय त्यांना कोणी थारा देऊ नये, त्यांनी खानावळी-मद्यालयांतून उतरू नये, उधळपट्टी करू नये आणि ज्या संप्रदायाचे ते नाहीत त्याची वस्त्रे अंगावर घालू नयेत, असे परिषदेने बजावले. खोट्या वस्त्राचा उल्लेख नियमात करावा लागला, यावरून त्या काळी वस्त्राच्या आधारे किती पैसा जमत असेल याची कल्पना येते.

हे नियम काटेकोरपणे पाळले गेले असे मात्र नाही. असिसीच्या फ्रान्सिसला परिषदेपूर्वीच पोपची तोंडी संमती मिळाली होती. त्याच्या आचारसंहितेला लेखी मंजुरी १२२३ मध्ये मिळाली. १२७४ च्या ल्यों येथील परिषदेने मान्यता न मिळालेले अनेक भिक्षू-संप्रदाय बंद करण्याचा निर्णय घेतला. दान गोळा करणाऱ्या व्यावसायिक प्रतिनिधींचे पद तर ट्रेंट परिषदेने १५६२ मध्ये रद्दच करून टाकले, कारण तीनशे वर्षांच्या सुधारणांनंतरही त्यांचे गैरप्रकार थांबले नव्हते.

आज लागू असलेली १९८३ ची कॅथॉलिक धर्मसंहिता याच धाटणीची आहे. भिक्षूंच्या मान्य संप्रदायांचा हक्क अबाधित ठेवून, इतर कोणाही खासगी व्यक्तीने अगर संस्थेने धार्मिक कार्यासाठी निधी मागण्यापूर्वी स्वतःच्या धर्माधिकाऱ्याची आणि ज्या ठिकाणी निधी मागायचा तेथील धर्माधिकाऱ्याची, अशा दोघांची लेखी परवानगी घेतली पाहिजे, असे कलम १२६५ सांगते. कलम ३०० नुसार सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीवाचून कोणत्याही संघटनेला ‘कॅथॉलिक’ हे विशेषण लावता येत नाही. विशिष्ट हेतूसाठी दिलेली देणगी त्याच हेतूसाठी खर्चली पाहिजे, हा दंडक कलम १२६७ मध्ये आहे, तर श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा, असे कलम १२८७ म्हणते. या शेवटच्या कलमाकडे देणगीदारांचे लक्ष क्वचितच जाते, ही खेदाची बाब आहे. हिशेब मागणे म्हणजे अश्रद्धा दाखवणे, असा समज ख्रिस्ती समाजातही आहे आणि हिंदू समाजातही. वस्तुतः निदान कॅथॉलिकांच्या बाबतीत हिशेब हा धर्मनियमाचाच भाग आहे.

पुण्याचे दोन वाद

त्यागी माणसांच्या पैशाची चर्चा पुण्यात जाहीरपणे झाली ती १८९० च्या सुमारास. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपये वेतनावर काम करावे आणि आपली सर्व शक्ती संस्थेला वाहावी, ही मूळ कल्पना होती. बाहेरील मिळकत घ्यावी की नाही, यावरून सदस्यांत तेढ वाढत गेली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर वाद विकोपाला गेला आणि १८९० च्या अखेरीस बाळ गंगाधर टिळक संस्थेतून बाहेर पडले. आपल्या राजीनाम्यात टिळकांनी संस्थेच्या मूळ तत्त्वाची तुलना कॅथॉलिक जेझुइट संघाच्या स्वार्थत्यागाशी केली, ही गोष्ट येथे विशेष लक्षणीय आहे. एका ब्राह्मणी शिक्षणसंस्थेतील मतभेदाचे मोजमाप करण्यासाठी पुण्यातील एका नेत्याला कॅथॉलिक व्रतस्थांचे माप वापरावेसे वाटले. मात्र तुलना पुरती जुळत नाही. जेझुइटाचे दारिद्र्यव्रत त्याच्या वरिष्ठांच्या आज्ञेखाली असते आणि ते मोडले तर त्याला जाब विचारणारा अधिकारी ठरलेला असतो. सोसायटीत मात्र सदस्यच एकमेकांचे न्यायाधीश होते. त्यागाचे मोजमाप समसमान सहकाऱ्यांवर सोपवले की त्याची परिणती बहुधा व्यक्तिगत वैरात होते, याचा अनुभव महाविद्यालयीन संस्थांच्या कारभाराशी परिचय असणाऱ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

दुसरा वाद पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या सान्निध्यात असताना १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला होता. तथापि धर्मसत्तेची आज्ञा निमूटपणे मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार याची साक्ष देतो. सदनासाठी त्यांनी आधार शोधला तो अमेरिकेत. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली, दहा वर्षे खर्च चालवण्याची हमी मिळाली, आणि असोसिएशनचे वार्षिक अहवाल छापले जाऊ लागले. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले सदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. येथील सल्लागारांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे होती.

१८९३ मध्ये या सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडला आणि काही पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद धर्मांतराचा म्हणून ओळखला जातो. देणगीदाराच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे आणखी एक अंग दिसते. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या आश्वासनावर हिंदू पालकांनी मुली पाठवल्या होत्या. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली तिला बसत. रमाबाईंच्या मते यात वचनभंग नव्हता, कारण कोणावर सक्ती नव्हती. सल्लागारांच्या मते होता, कारण अल्पवयीन मुलींच्या बाबतीत दार उघडे ठेवणे हेही एक प्रकारचे बोलावणेच. एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी ऐकला गेला. असोसिएशनने रमाबाईंची बाजू घेतली आणि पैसा थांबला नाही. येथे पैशाच्या अफरातफरीचा प्रश्न नव्हता. तरीही पुण्यातील विश्वास गेला आणि बोस्टनचा टिकला. याचे कारण जाब विचारण्याची सत्ता बोस्टनकडे होती. पुण्याच्या सल्लागारांना सल्ला देण्यापलीकडे काही करता येत नव्हते. सल्ला मानला गेला नाही तेव्हा निघून जाणे एवढाच मार्ग त्यांच्यापुढे उरला.

नर्मदाकाठचा मठ

या पार्श्वभूमीवर १८९९ मधील जबलपूरचा प्रयोग पाहणे उद्बोधक ठरेल. जबलपूर त्या वेळी नागपूरच्या कॅथॉलिक धर्मप्रांतात मोडत असे. या प्रयोगाचे प्रवर्तक ब्रह्मबांधव उपाध्याय, मूळचे भवानीचरण बंद्योपाध्याय, यांचा जन्म १८६१ चा. केशवचंद्र सेनांच्या प्रभावातून ते ख्रिस्ताकडे वळले आणि १८९१ मध्ये प्रथम अँग्लिकन धर्मगुरूकडून बाप्तिस्मा घेऊन त्याच वर्षी कॅथॉलिक झाले. १८९४ मध्ये त्यांनी भिक्षू संन्याशाचे जीवन पत्करले, भगवी वस्त्रे धारण केली आणि त्याच वर्षी कराचीहून ‘सोफिया’ हे नियतकालिक सुरू केले. भगव्या वस्त्रांमुळे त्यांना चर्चमध्येच अडवले गेले. आपण कॅथॉलिक आहोत हे ओळखू यावे म्हणून ते गळ्यात क्रूस घालू लागले. लॅटरन परिषदेने ज्या खोट्या वस्त्राची धास्ती घेतली होती, त्याच्या नेमकी उलट ही स्थिती होती. संन्यास खरा होता. वस्त्र मात्र ज्यांना ते दाखवायचे त्या धर्मबंधूंना परके वाटत होते.

मठाची योजना उपाध्याय यांनी ‘सोफिया’तून मांडली होती. मठाचे राहणीमान पूर्णतः भारतीय असावे, त्यात एकांतात ध्यान करणारे आणि गावोगाव फिरणारे परिव्राजक असे दोन्ही असावेत, आणि परिव्राजकांना वेदान्ताबरोबरच सेंट थॉमस अक्वायनसच्या तत्त्वज्ञानाचेही चांगले ज्ञान असावे, असा तिचा आशय होता. नागपूरचे बिशप शार्ल पेल्वा यांची या उपक्रमाला सहानुभूती होती. अणिमानंद या नावाने पुढे ओळखले गेलेले सिंधी शिष्य रेवाचंद यांच्यासह मोजक्या अनुयायांनी नर्मदेच्या परिसरात मठाचे जीवन सुरू केले. परंतु भारतातील पोपचे प्रतिनिधी लादिस्लास झालेस्की यांचा या कल्पनेला कडवा विरोध होता. हिंदू संन्यासाचे बाह्यरूप आणि वेदान्त यांचा कॅथॉलिक श्रद्धेशी मेळ बसणे त्यांना अशक्य वाटत होते. त्यांच्या विरोधापुढे मठ टिकला नाही. रोमकडे दाद मागण्याच्या इराद्याने उपाध्याय मुंबईपर्यंत आले. तेथे आजारी पडल्याने तो बेत सुटला. बिशप पेल्वा १९०० मध्ये निवर्तले. त्यानंतर उपाध्याय यांच्या नियतकालिकांवरही धर्मसत्तेने बंदी घातली. राजद्रोहाचा खटला चालू असताना १९०७ मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

त्या काळच्या एखाद्या कॅथॉलिक व्यापाऱ्याने या मठाला देणगी द्यावी काय, असा प्रश्न समजा विचारला असता, तर उत्तर काय मिळाले असते? वैराग्याच्या कसोटीवर उपाध्याय निःसंशय उतरतात. स्थानिक बिशपची सहानुभूती होती, म्हणजे मान्यतेची पहिली पायरीही होती. परंतु तिच्यावरील पायरी कच्ची होती. बिशप आणि पोपचे प्रतिनिधी यांच्यात मतभेद झाल्यास कोणाचे चालेल, हे देणगीदाराला आधी कळणे शक्य नव्हते. मठ बंद पडला तर शिल्लक रक्कम आणि वस्तू कोणाकडे जातील, याचे उत्तर देणारी व्यवस्था उभी राहण्याइतका अवधी तर मठाला मिळालाच नाही. म्हणून या मठाला दिलेली देणगी वाया गेली असती. तिच्यात फसवणूक मात्र झाली नसती. या दोन गोष्टींत गल्लत केल्यामुळे अमान्य समुदायांवर लबाडीचा शिक्का फार सहज बसतो. उपाध्याय यांच्या वाट्याला तेच आले.

यातील एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. झालेस्की यांच्या पुढाकाराने कँडी येथे १८९३ मध्ये सुरू झालेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यास आली. नगर रस्त्यावरील या परिसरातच पुढील दशकांत भारतीय दर्शने आणि ख्रिस्ती ईश्वरविद्या यांच्या संवादाचे मोठे केंद्र विकसित झाले, आणि उपाध्याय यांचे लेखन तेथे अभ्यासविषय बनले.

शिवाजीनगरचा आश्रम

पुण्यातील ख्रिस्त सेवा संघाचा उगम अँग्लिकन आहे. जॅक विन्स्लो या मिशनऱ्याने १९२२ मध्ये अहमदनगर भागात त्याची स्थापना केली आणि १९२७ पासून शिवाजीनगर येथील आश्रम हे त्याचे केंद्र झाले. खादी, जमिनीवर बैठक, शाकाहार, भारतीय व इंग्रज सदस्यांचे एकत्र राहणे, ही त्याची वैशिष्ट्ये होती. त्याच वर्षी इंग्लंडहून आलेल्या तरुणांत व्हेरिअर एल्विन होते. एल्विन लवकरच गांधीजींकडे आणि राष्ट्रीय चळवळीकडे ओढले गेले. सरकारची वक्रदृष्टी आणि इंग्लंडमधील पाठीराख्यांची अस्वस्थता यांच्या कात्रीत संघ सापडला. एल्विन संघातून बाहेर पडले आणि १९३२ च्या प्रारंभी मराठी ख्रिस्ती मित्र शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गेले. तेथे नागपूरचे अँग्लिकन बिशप अॅलेक्स वुड यांनी राजनिष्ठेच्या शपथेवाचून त्यांना धर्मकार्याचा परवाना देण्याचे नाकारले. नकाराचे कारण श्रद्धेशी किंवा हिशेबाशी संबंधित नव्हते. ते सरळसरळ राजकीय होते. धर्मसत्तेचा नकार वाचताना त्यामागील कारण वाचणे किती अगत्याचे आहे, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

१९३४ मध्ये विन्स्लो परतले आणि संघात विभागणी झाली. पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा संघ या नावाने ब्रह्मचारी व्रतस्थांची शाखा राहिली. पुढे मुंबईचे अँग्लिकन बिशप झालेले विल्यम लॅश हे तिचे आचार्य होते. काळाच्या ओघात सदस्य कमी होत गेले आणि वास्तू जवळजवळ रिकामी झाली. १९७२ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले ते वेगळ्याच स्वरूपात. वाँटेजच्या त्याच सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या अँग्लिकन भगिनी आणि सेक्रेड हार्ट या कॅथॉलिक संघाच्या भगिनी यांनी तेथे एकत्र राहून आश्रम चालवण्यास सुरुवात केली. आचार्यपदी प्रथम वंदना आणि नंतर सारा ग्रांट या सेक्रेड हार्टच्या भगिनी होत्या. वंदना जन्माने पारशी, तर ग्रांट स्कॉटिश. ग्रांट यांनी मुंबईच्या सोफिया महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले होते आणि शंकराचार्यांच्या विचारातील संबंधाची संकल्पना हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

विश्वासार्हतेच्या दृष्टीने १९७२ च्या रचनेतील महत्त्वाचा भाग बाह्यतः दिसत नाही. आश्रम नवा होता, पण व्रते नवी नव्हती. प्रत्येक भगिनी आपापल्या जुन्या संघाची सदस्य राहिली. सेक्रेड हार्ट संघाची स्थापना १८०० ची, वाँटेजच्या संघाची १८४८ ची. दोहोंचे वरिष्ठ, नियम आणि हिशेबाच्या पद्धती पूर्वीपासून ठरलेल्या. आश्रम उद्या बंद पडला असता तरी भगिनी निराधार झाल्या नसत्या आणि आचार्यांच्या मर्जीवर त्यांचे भवितव्य अवलंबून नव्हते. मान्य संप्रदायाची आचारसंहिता स्वीकारून नवा मठ काढावा, हा १२१५ चा सल्ला साडेसातशे वर्षांनी पुण्यात असा उपयोगी पडला.

तमिळनाडूतील शांतिवनमचा इतिहास याच मुद्द्याची दुसरी बाजू दाखवतो. ज्यूल मॉन्शानँ आणि आंरी ल सो ऊर्फ अभिषिक्तानंद यांनी १९५० मध्ये कावेरीकाठी हा आश्रम तिरुचिरापल्लीच्या बिशपच्या अनुमतीने सुरू केला. दोघांच्या साधनेविषयी शंका घेण्यास जागा नाही. तरीही मॉन्शानँ १९५७ मध्ये वारले, अभिषिक्तानंदांनी १९६८ मध्ये आश्रम सोडला, आणि बीड ग्रिफिथ्स केरळातील कुरिसुमल येथून आले नसते तर तो मोडला असता. १९८० मध्ये कामाल्दोली या बेनेडिक्टाइन परंपरेतील जुन्या शाखेशी जोडला गेल्यावर त्याला स्थैर्य आले. कुरिसुमलचे स्थैर्य आणखी लवकर आले, कारण १९५८ मध्ये सुरू झालेल्या त्या मठाने गोपालन व दुग्धव्यवसायावर आपला निर्वाह उभा केला होता. स्वतःच्या श्रमावर जगणाऱ्या मठाला देणगीदाराची मनधरणी करावी लागत नाही, आणि मनधरणी न करणाऱ्याचे बोलणे सहसा अतिरंजितही नसते.

दोन श्रोते

आश्रमांवर सर्वांत तिखट टीका हिंदुत्ववादी लेखक सीताराम गोयल यांनी केली. कॅथॉलिक आश्रमांवरील त्यांच्या १९८८ मधील पुस्तकाच्या १९९४ च्या वाढीव आवृत्तीचे उपशीर्षकच ‘संन्यासी की ठग’ अशा अर्थाचे होते. भगवी वस्त्रे, ओंकार आणि आरती हे धर्मांतराचे नवे साधन असून त्यामागे परदेशी पैसा आहे, हा त्यांचा आरोप. दुसरीकडे दलित ख्रिस्ती विचारवंतांनी नेमकी उलट तक्रार केली. हे आश्रम ब्राह्मणी अध्यात्मात रमले आणि ज्या समाजातून बहुसंख्य भारतीय ख्रिस्ती आले त्यांच्याशी त्यांचा संबंध उरला नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

गोयल यांचा सरसकट निष्कर्ष स्वीकारता येत नाही. पुण्यातील आश्रमाने अनेक वर्षे जे केले त्यात धर्मांतराची मोहीम दाखवणे दुष्कर आहे. मात्र त्यांच्या टीकेच्या मुळाशी असलेला प्रश्न रास्त आहे आणि तो १८९३ चाच प्रश्न आहे : शेजाऱ्याला जे सांगितले जाते तेच दूरच्या देणगीदाराला सांगितले जाते काय? युरोपातील वर्गणीदारांसाठी काढलेल्या पत्रकात एखादा समुदाय आपल्या कार्याचे वर्णन सुवार्ताप्रसार असे करीत असेल आणि गावात केवळ ध्यानकेंद्र म्हणून वावरत असेल, तर दोहोंपैकी एका श्रोत्याची दिशाभूल होत असते. पत्रक आणि गावातील फलक शेजारी ठेवून वाचणे, ही साधी पण फार उपयुक्त तपासणी आहे. तिला धर्माधिकाऱ्याच्या परवानगीची गरज नाही.

मान्यता आणि हिशेब

मान्यता म्हणजे प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र नव्हे, हे मार्सिआल मासिएल यांच्या प्रकरणाने जगापुढे आणले. मेक्सिकोत १९४१ मध्ये त्यांनी स्थापलेल्या ‘लीजन ऑफ ख्राइस्ट’ या संघाला रोमची पूर्ण मान्यता होती आणि श्रीमंत देणगीदारांचा मोठा आधार होता. लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी अनेक वर्षे दुर्लक्षित राहिल्या. २००६ मध्ये त्यांना सार्वजनिक धर्मकार्यातून बाजूला करण्यात आले आणि २०१० मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या वर्तनाचा जाहीर निषेध केला. संस्थापकावर टीका करू नये, अशी खास शपथ त्या संघाचे सदस्य घेत असत. जेथे संस्थापकाविषयी बोलण्याचीच बंदी आहे, तेथे वार्षिक ताळेबंद कितीही नीटनेटका असला तरी देणगीदाराने सावध होणे योग्य.

महाराष्ट्रात धर्मसत्तेबाहेरील एक तपासणी १९५० पासून उपलब्ध आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने, ज्याचे नाव पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम असे झाले, मंदिर, मठ, चर्च, अग्यारी अशा सर्व सार्वजनिक न्यासांना नोंदणी, विश्वस्तांतील बदलांची नोंद आणि वार्षिक लेखापरीक्षण बंधनकारक केले. स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. कायद्यातील एक बारकावा मनोरंजक आहे. त्यातील व्याख्येनुसार ‘मठ’ म्हणजे हिंदू धर्माच्या प्रसारासाठी असलेली संस्था. म्हणजे उपाध्याय यांनी आज आपला कास्थलिक मठ नोंदवायचे ठरवले असते, तर मठ या नात्याने त्यांना प्रवेश मिळाला नसता. चर्च, धर्मादाय संस्था किंवा १८६० च्या कायद्याखालील सोसायटी म्हणून यावे लागले असते. या अधिनियमाला धर्मस्वातंत्र्याच्या आधारे आव्हान दिले गेले, तेव्हा १९५४ मध्ये रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी अवैध ठरवल्या. परंतु नोंदणी आणि हिशेबतपासणीचा गाभा कायम ठेवला. पैशाचा हिशेब मागणे म्हणजे धर्मात हस्तक्षेप नव्हे, ही भूमिका त्यामुळे कायद्याने प्रस्थापित झाली. परदेशी देणग्यांवर १९७६ पासून वेगळा कायदा आहे. २०१० मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. २०२० च्या दुरुस्तीने असा पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतील खात्यातच स्वीकारण्याची सक्ती केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला हा निधी देण्यास मनाई केली. या दुरुस्तीचा जाच लहान समुदायांना अधिक झाला. मोठ्या संघाच्या नोंदणीखाली नव्या आश्रमाला आधार देण्याची जुनी रीत तिने जवळपास अशक्य करून टाकली.

त्याच २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मसंहितेचे कलम ५७९ बदलले. तोपर्यंत नव्या संन्यस्त संघाला मान्यता देण्यापूर्वी बिशपने रोमशी विचारविनिमय करणे पुरेसे होते. आता रोमची लेखी अनुमती अनिवार्य झाली. २०२२ मध्ये ही अट पुढे संघ होऊ इच्छिणाऱ्या प्राथमिक संघटनांपर्यंत नेण्यात आली. एकाच बिशपच्या भोळेपणाचा किंवा मैत्रीचा लाभ घेऊन उभे राहिलेले समुदाय रोखणे, हा या बदलांचा हेतू उघड आहे आणि मासिएल प्रकरणानंतर तो समजण्याजोगाही आहे. परंतु शार्ल पेल्वा यांच्यासारख्या बिशपने, रोमला न विचारता, नर्मदेच्या काठी चारदोन भगव्या वस्त्रांतील माणसांना काही महिने राहू द्यावे, ही शक्यता त्याच कलमाने संपुष्टात आणली आहे.